दीड बोटाचा खड्डा

एका जंगलात एक पायवाट होती. वाघ नव्हता का, असं मधेच विचारू नका. वाघ होता, पण या गोष्टीत तो येत नाही. या गोष्टीत खड्डा येतो. वाघ कधीतरी भेटतो आणि खड्डा रोज भेटतो, म्हणून मला तरी खड्ड्याचीच जास्त धास्ती वाटते.

तर बाळांनो, ही पायवाट आधी मातीची होती. सगळ्यांनी चालून चालून ती आपोआप झाली होती. ती कुणी बांधली नव्हती, म्हणून ती कधी मोडलीही नव्हती.

मग जंगलात पायवाट खातं आलं. खातं आलं म्हणजे त्याला काम पाहिजे. खात्याने गुहांपासून पाणवठ्यापर्यंत सपाट दगडांच्या फरशा बसवल्या. उद्घाटनाला हत्तीला बोलावलं. हत्ती पहिल्या फरशीपासून शेवटच्या फरशीपर्यंत सावकाश चालत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपट्या आपटल्या. हत्तीच्या चालण्याने निम्म्या फरशा त्याच दिवशी हलल्या, पण उद्घाटनाच्या दिवशी असलं बोलायचं नसतं.

करंजाच्या झाडाखालची फरशी जरा जास्तच हलली. तिचा एक कोपरा वर आला, खालची माती निघून गेली आणि तिथे खड्डा झाला. वरून पाचोळा पडला. मग खड्डा दिसायचाही बंद झाला. न दिसणारे खड्डे फार वाईट.

त्या जंगलात भिवरा नावाची एक भेकरीण राहत होती. भेकर म्हणजे हरणाचीच एक लहान जात. रंग तपकिरी, पाय काडीसारखे आणि जीव मुठीत. भेकराचं एक वेगळं असतं. त्याला धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. ते भुंकणं ऐकून बाकीचे प्राणी सावध होतात. भिवराची आई भुंकायची, आजी भुंकायची. त्याबद्दल त्यांना कुणी कधी काही दिलं नव्हतं आणि त्यांनीही मागितलं नव्हतं.

भिवराला ठिपकी नावाची मुलगी होती, पंधरा दिवसांची. अजून नुसती दुधावर होती. ठिपकीचे बाबा पलीकडच्या डोंगरावर असायचे. भेकरांत तशीच रीत आहे, त्यावर आपण बोलायला नको.

एके सकाळी भिवरा ठिपकीला घेऊन पाणवठ्यावर निघाली. पुढे भिवरा, मागे ठिपकी. तीन पावलं टाकली की भिवरा मागे वळून बघायची. येतेय ना? काट्यात नाही ना गेली? काही तोंडात तर नाही घातलं? असं बघत बघत ती करंजाखाली आली आणि तिचा पुढचा उजवा पाय पाचोळ्यातून खाली गेला. कट्‌ असा आवाज झाला.

ठिपकी रडायला लागली. ते ऐकून शेजारचा केरबा रानडुक्कर धावत आला. त्याने भिवराला मानेने रेटा देऊन बाहेर काढलं, जवळच्या करवंदीच्या जाळीत नेऊन बसवलं आणि माकडवैद्याला बोलावून आणलं. वैद्याने हाडसांधीची वेल पायाला गुंडाळून करकचून बांधली आणि सांगितलं की एकवीस दिवस हा पाय जमिनीला टेकवायचा नाही.

पायाचं दुखणं भिवरा विसरली. एकवीस दिवस चरायला जायचं नाही. चरलं नाही तर दूध कुठून येणार? आणि दूध नाही आलं तर ठिपकीचं काय? करवंदीच्या आजूबाजूचं गवत फार तर चार दिवस पुरलं असतं.

केरबा मनाने साधा होता. तो खड्ड्याजवळ गेला आणि म्हणाला, "वहिनी, हा मी आत्ता बुजवून टाकतो. दोन मुसंड्या मारल्या की काम झालं."

"बुजवाच, भाऊजी," भिवरा म्हणाली. "आज मी पडले, उद्या कुणाचं तरी लेकरू पडायचं."

केरबाने मुसंडी मारायला मान खाली घातली. तेवढ्यात वरच्या फांदीवरून कुणीतरी ओरडलं, थांबा म्हणून.

ती साळूबाई होती. साळूबाई म्हणजे साळुंकी. खात्याच्या कचेरीबाहेर आवळ्याच्या झाडाखाली बसून ती सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायची. फी म्हणून ती गिऱ्हाइकाच्या पाठीवर बसून गोचिडी टिपायची. काम जितकं लांबेल तितक्या गोचिडी जास्त, म्हणून तिचे अर्ज जरा लांबच असायचे. पण ती होती हुशार. कचेरीत कुठला कागद कुणाच्या बुडाखाली आहे ते तिला बरोबर ठाऊक असायचं.

साळूबाईने समजावलं की खड्डा बुजवला म्हणजे पुरावा गेला. पायवाट सगळ्यांची आहे, ती नीट ठेवणं हे खात्याचं काम आहे, ते खात्याने केलं नाही म्हणून हा पाय मोडला. तेव्हा खात्याने भरपाई दिली पाहिजे. एकवीस दिवसांचा कोवळा चारा, जाग्यावर आणून.

भिवराला हे ऐकूनच भीती वाटली. तिने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. खात्याला राग आला तर? पण तेवढ्यात ठिपकीने तिच्या पोटाला ढुशी दिली. मग ती हळूच म्हणाली की लिहा.

केरबा मान हलवत घरी गेला. दोन मुसंड्यांचं काम होतं, असं तो वाटेत स्वतःशीच म्हणत होता.

साळूबाईने पळसाच्या तीन पानांवर चोचीने अर्ज टोचला. दुसऱ्या दिवशी भिवरा तीन पायांवर लंगडत कचेरीत गेली.

खिडकीत घोरपड बसली होती. ती तिथली कारकून. घोरपड कशी असते ठाऊक आहे ना? एकदा धरलं की सोडत नाही. हिने आजवर शेकडो कागद धरले होते आणि त्यातला एकही सोडला नव्हता.

छापील कागदावर प्रश्न होता, पाय कुठला, डावा की उजवा. भिवराने सांगितलं की पुढचा उजवा. घोरपड म्हणाली, पुढचा-मागचा असं त्यात नाही. कागद पक्ष्यांच्या वेळचा आहे, त्यांना पाय दोनच. मग तिने नुसतं 'उजवा' लिहिलं आणि बाकीचे तीन पाय कशाला आणलेत त्याचा खुलासा वेगळा मागितला.

मग विचारलं, पळत होता की चालत होता? कारण भेकरं पळतात, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि पायवाट ही चालण्यासाठी आहे. भिवरा म्हणाली, चालत होते. मागे लेक होती.

"लेक मागे होती म्हणजे तुम्ही मागे बघत होता."

"आई मागे बघतच चालते, बाई," भिवरा म्हणाली.

घोरपडीने लिहिलं: अर्जदार मागे बघत होती.

भिवरा घरी आली तोवर तिच्या पायाला परत सूज आली होती. त्या रात्री दूध थोडं कमी आलं.

तीन दिवसांनी मोजणीला साहेब आले. साहेब म्हणजे अस्वलराव. अंगाने दांडगे, स्वभावाने वाईट नाहीत, पण नियमाला पक्के. नियम असा होता की चार बोटं खोल असेल तर तो खड्डा. त्याहून कमी असेल तर तो खड्डा नव्हे, तिला सखल जागा म्हणायचं. सखल जागेत पडलेल्यांना भरपाई नसते, कारण सखल जागेत कुणी पडत नाही.

हा नियम फार पूर्वी एका खारीने लिहिला होता. तिने आपली बोटं धरून लिहिला होता. पण बोटं कुणाची ते लिहायचं राहून गेलं. तेव्हापासून कामावर जो असेल त्याची बोटं धरायची पद्धत पडली.

अस्वलराव खाली बसले. त्यांनी पाचोळा बाजूला केला आणि पंजा आडवा करून खड्ड्यात घालायला गेले. चार बोटं काही मावेनात. एक बोट गेलं. दुसरं निम्मं गेलं.

"दीड," अस्वलराव म्हणाले.

घोरपडीने लिहिलं, दीड.

साळूबाई खाली उतरली. ती म्हणाली की साहेब, हीच जागा माकडाच्या बोटांनी मोजा, सात भरतील. उंदराच्या बोटांनी मोजा, विहीर निघेल. ही बोटं कुणाची धरायची?

अस्वलरावांना वाईट वाटलं. ते आपल्या पंजाकडे बघत म्हणाले, "ही माझी नाहीत, बाई. ही खात्याची बोटं आहेत."



पण अस्वलराव मनाने वाईट नव्हते, असं मी सांगितलं ना? भिवराचा बांधलेला पाय आणि तिच्या पोटाला चिकटलेली ठिपकी बघून त्यांचाही जीव हलला. ते म्हणाले, अर्ज फेटाळत नाही. पौर्णिमेनंतर दुसरी मोजणी करू. खड्डे वाढतात. लोक येतात-जातात, पाय अडकतात, फरशी आणखी उचकटते. तोवर पुरावा आहे तसा ठेवा. कुणी बुजवला तर अर्ज रद्द. आणि पुराव्याची राखण अर्जदारानेच करायची.

म्हणजे भिवराने आता खड्ड्याजवळ बसायचं. करवंदीची जाळी जवळच होती, तेवढंच बरं. ठिपकी जाळीत आणि भिवरा वाटेवर.

साळूबाईने जाताना तिला नीट समजावून सांगितलं. अजून अडीच बोटं हवीत. वाटेने सारखं कुणी ना कुणी जातं. आठ-दहा जण पडले की झालं. आपण कुणाला ढकलायचं नाही, ते पाप. आपण फक्त गप्प बसायचं. गप्प बसायला काय लागतं?

गप्प बसायला काय लागतं ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

पहिल्या दिवशी सकाळी एक सशीण आली. मागे पाच पिल्लं, एकाचंही लक्ष जाग्यावर नाही. भिवराने तोंड दुसरीकडे फिरवलं. तिने ठरवलं होतं. दूध पाहिजे तर गप्प बसायला पाहिजे. सशीण दहा पावलांवर आली. सहा पावलांवर आली. सगळ्यात धाकटं पिल्लू उड्या मारत पुढे झालं.

"जपून गं, खड्डा आहे," भिवरा म्हणाली.

सशिणीने पिल्लाला कानाला धरून मागे ओढलं. बाई, देव तुमचं भलं करो, म्हणाली आणि पाचही पिल्लांना बाजूने घेऊन गेली.

भिवराने मनाला समजावलं की पिल्लं लहान होती म्हणून. मोठ्यांना नाही सांगायचं.

दुपारी मोर आला. मोर कधी खाली बघत नाही. त्याचं सगळं लक्ष मागे, पिसाऱ्याला धूळ लागते का इकडे. भिवराला त्याचा तसा कंटाळाच होता. मागे एकदा तो तिच्या पायांना काड्या म्हणाला होता. पण त्याचे पायही तिच्यासारखेच बारीक. ते तिला दिसले मात्र, तोंडातून शब्द गेला. मोराने मान वाकडी करून खड्डा बघितला आणि आभार न मानताच गेला.

संध्याकाळी कासव दिसलं. कासव दिसलं तेव्हा ते खड्ड्यापासून वीस हात लांब होतं. म्हणजे भिवराला गप्प बसायला चांगला तासभर मिळाला. तिने खूप धीर धरला. ती दुसरीकडे बघत राहिली. कासव येतच होतं. कासवाला पाय मोडायची भीती नाही, पाठीला ढाल आहे, खड्ड्यात गेलं तरी काय होणार, असं ती मनात म्हणत राहिली. मग तिला आठवलं की कासव उलटं पडलं तर त्याला सरळ होता येत नाही. रात्रभर ते तसंच पाय हलवत राहील. तासातला अर्धा वेळ तिने काढला. मग ती लंगडत कासवापर्यंत गेली आणि त्याच्या कानाशी सांगून आली. कासवाला वळसा घालायला आणखी अर्धा तास लागला.

साळूबाई कपाळावर पंख मारून घ्यायची तेवढी बाकी राहिली. ती म्हणाली, "अगं, तू फिर्याद खात्यावर केलीस की स्वतःवर?"

रोज असंच झालं. येणारे-जाणारे भिवराला दुवा देत गेले. करवंदीजवळचं गवत संपलं. आभारांनी दूध येत नाही. ठिपकी दूध ओढून ओढून दमायची आणि तशीच झोपायची. केरबा कधी कंद उकरून आणून द्यायचा. पण भेकराच्या पोटाला कंद किती चालणार?

एके दिवशी ठिपकीने विचारलं, "आई, ते पडले असते तर काय झालं असतं?"

"त्यांना लागलं असतं."

"आणि आपल्याला?"

भिवराने तिच्या डोक्यावरचा पाचोळा काढला.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या मोजणीचा दिवस उजाडला. खड्डा होता तेवढाच होता. वाऱ्याने थोडी माती आत आली असेल तर कमीच.

साळूबाई पहाटेच आली. तिने एक बेत आणला होता. करंजाच्या फांदीला, खड्ड्याच्या बरोब्बर वर, मधाचं पोळं लागलं होतं. अस्वलराव येतील ते वर बघत येणार. अस्वलाला पोळं दिसल्यावर खालचं काही दिसत नाही. ते सरळ खड्ड्यात जाणार. त्यांच्या वजनाने फरशी पार उलटेल, खड्डा त्यांच्याच बोटांनी चारच काय, सहा बोटं होईल. आणि पडलेला माणूस स्वतः साहेब, म्हणजे साक्षीदार शोधायला नको.

"आजच्या दिवस गप्प बस," साळूबाई म्हणाली. "त्यांचं अंग जाड आहे, त्यांना काही होत नाही. लेकराकडे बघ."

भिवराने ठिपकीकडे बघितलं. ठिपकीच्या बरगड्या दिसत होत्या. भिवराने मान हलवली. मग तिने स्वतःहून करंजाची एक कडू डहाळी तोडून तोंडात गच्च धरली, म्हणजे बोलताच येणार नाही.

अस्वलराव आले. मागे घोरपड, तिच्या काखेत कागद. वळणावर आल्या आल्या साहेबांना पोळं दिसलं. त्यांचं नाक वर झालं, मान वर झाली आणि ते चालत राहिले. साळूबाई फांदीवरून त्यांची पावलं मोजत होती. करंजापासून पाच पावलं. तीन पावलं. अस्वलरावांनी पुढचा पंजा उचलला. तो खड्ड्याच्या बरोबर वर आला.

आणि भिवरा भुंकली.

बोलली नाही हं. बोलणार नाही असं तिने ठरवलंच होतं. पण भेकराचं भुंकणं ठरवून होत नाही. डहाळी कुठल्या कुठे उडाली. सगळं जंगल जाग्यावर थांबलं. अस्वलरावांचा पंजा तसाच वर राहिला. त्यांनी खाली बघितलं, खड्डा बघितला, पंजा सावकाश मागे घेतला.

साळूबाईने डोळे मिटून घेतले.

अस्वलरावांनी मोजलं. दीडच भरलं. मग त्यांनी चारी बाजूंना बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. ते घोरपडीला सांगू लागले आणि ती लिहू लागली. जागा सखल आहे. पहिल्या मोजणीपासून इथे दुसरं कुणीही पडलेलं नाही. याचं कारण, जागेवर धोक्याची सूचना देण्याची उत्तम व्यवस्था आहे, साहेबांनी स्वतः तिचा अनुभव घेतला. अशी व्यवस्था असताना जो पडतो तो आपल्या चुकीने पडतो. अर्ज नामंजूर.

साळूबाई खाली झेपावली. तिला रागाने नीट बोलताही येईना. "साहेब, ती व्यवस्था म्हणजे हीच. ही पडली तेव्हा इथे सूचना द्यायला कोण होतं?"

"ही नव्हती?" अस्वलरावांनी विचारलं.

"नाही."

"मग ही कुठे होती?"

"ही पडत होती."

"म्हणजे जागेवरच होती," अस्वलराव म्हणाले. घोरपडीने तेही लिहून घेतलं.

भिवरा रडली नाही. तिने ठिपकीला जाळीतून बाहेर बोलावलं आणि तीन पायांवर उभी राहिली. मग तिने फक्त एवढंच विचारलं, "साहेब, मग उद्यापासून मी इथे बसायला नको ना? पलीकडच्या उतारावर थोडं गवत आहे म्हणतात. लंगडत जाईन."

अस्वलराव जायला निघाले होते, ते थांबले. त्यांनी कागदाकडे बघितलं. कागदावर उत्तम व्यवस्था असं लिहिलं होतं. व्यवस्था उठून उतारावर गेली तर कागद खोटा पडणार. आणि उद्या कुणी पडलं तर ते खात्यावर येणार. फरशी नीट बसवावी म्हटलं तर ते काम फरशी विभागाचं, आणि फरशी विभागाला लिहायचं तर आधी खड्डा आहे असं मान्य करावं लागणार. लाकडी फलक लावावा तर मागचे सगळे फलक वाळवीने खाल्ले होते. फलकांच्या देखभालीची तरतूद मात्र दर वर्षी येत होती आणि परत जात होती.

अस्वलरावांनी एकदा पोळ्याकडे बघितलं. मग त्यांनी घोरपडीच्या कानात काही सांगितलं.

घोरपडीने लिहिलं: सूचना फलक, जिवंत, तपकिरी, एक. देखभालीसाठी रोज कोवळ्या गवताचे दोन भारे. मग तिने मान वर करून विचारलं की नियमात फलक उभा असावा असं आहे, हा तर बसतो.

"बसका फलक लिहा," अस्वलराव म्हणाले.

अशा रीतीने, बाळांनो, पाय मोडलेल्या भेकरिणीला खात्याकडून काडीही मिळाली नाही. पण फलकाला दुसऱ्याच दिवशी दोन भारे आले. कोवळे, दव पडलेले. ते घेऊन दोन चितळं आली आणि त्यांनी भिवराच्या पाठीवर चिखलाने आकडा घातला. ती आता खात्याची वस्तू होती.

आठ दिवसांत दूध आलं. ठिपकीच्या बरगड्या झाकल्या. पायाचं हाड जुळून आलं, थोडं वाकडं जुळलं, पण जुळलं. वैद्य म्हणाला, आता चरायला जायला हरकत नाही. भिवरा म्हणाली, कामाची वेळ असते.

ठिपकी मोठी झाली. खड्ड्यावरून उडी मारायला शिकली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिले काही दिवस भिवरा प्रत्येक उडीला डोळे मिटून घ्यायची. नंतर तिला सवय झाली.

सवय कशाचीही होते. पावसाळा आला तेव्हा पाण्याबरोबर माती वाहून आली आणि खड्ड्यात साचायला लागली. भिवराने बघितलं की दीडाचं एक बोट होतंय. तिला रात्री झोप लागेना. खड्डा भरला तर फलक कशाला? फलक नाही तर भारे कुठले? दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी लवकर उठायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खुराने आतली माती बाहेर काढायची. कडा नीट करायची. मग बाजूला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना जपून जा म्हणून सांगायची. ते मात्र ती अगदी मनापासून सांगायची.

साळूबाई कधी वरून जाताना थांबायची. "काय फलकबाई, बरं आहे ना?" असं विचारायची. भिवरा हसायची आणि पाठ पुढे करायची. पाठीवर चिखलाचा आकडा होता, पण गोचिडीही होत्या.

पावसाळा संपत आला तेव्हा एक दिवस केरबा रानडुक्कर त्या वाटेने आला. त्याच्या मनात ती गोष्ट तेव्हापासून राहूनच गेली होती. अर्जाचा निकाल लागला, पुराव्याची गरज संपली, असं त्याच्या कानावर आलं होतं. शेजारणीसाठी एवढं तरी करावं म्हणून तो मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. भिवरा भारा खात पाठमोरी बसली होती. केरबाने मान खाली घातली आणि पहिली मुसंडी मारली.

मातीचा आवाज ऐकून भिवरा उठली. अशी भुंकली की केरबा चार पावलं मागे झाला. वाघ आला वाटून झाडावरचे पक्षी उडाले.

"काय झालं, वहिनी?"

"हात लावू नका त्याला."

केरबाला काही कळेना. "अहो, तुम्हीच म्हणाला होता, बुजवाच म्हणून. कुणाचं तरी लेकरू पडायचं म्हणून."

भिवरा खाली बसली. तिने वाकड्या पायाने खड्ड्यात पडलेली माती हळूहळू बाहेर ओढली. दीड बोट झालं का ते वाकून बघितलं.

"तेव्हा मी पडले होते, भाऊजी," ती म्हणाली. "आता मी कामाला आहे."

केरबा मान हलवत घरी गेला.

तात्पर्य: बाळांनो, रस्त्यात खड्डा दिसला की लगेच माती घेऊन बुजवायला धावू नका. आधी आजूबाजूला नीट बघा, त्याच्यावर कुणाचं पोट चाललंय का. चाललं असेल तर नमस्कार करून बाजूने जा. आणि पडायचंच असेल तर दोनदा विचार करा, कारण पडणाऱ्याला काही मिळत नाही. मिळतं ते शेजारी बसून जपून जा म्हणणाऱ्याला. आता उठा, चपला घाला, आणि शाळेत जाताना खाली बघून चाला. मी मागून बघतेच आहे.